द्रवांचे थर दर वेळी मिसळतात: आधी साखर मोजा, मग ओतण्याकडे बघा

एकावर एक रंगीत थर दिसायला हवेत आणि पेल्यात शेवटी तपकिरी-हिरवं एकजीव पाणी उरतं, ही घनतेच्या घरगुती प्रयोगातली सगळ्यांत नेहमीची तक्रार आहे. मुलं हिरमुसतात, आणि मोठी माणसं ‘हळू ओतायला हवं होतं’ असं म्हणून विषय संपवतात. हळू ओतणं महत्त्वाचं आहेच. पण बहुतेक वेळा चूक ओतण्याच्या आधीच, द्रावण करताना झालेली असते, आणि मग कितीही स्थिर हाताने ओतलं तरी थर टिकत नाहीत.

साखरेच्या पाण्याचे थर: मूळ चूक कुठे होते

साधारणपणे चार ग्लास पाणी घेतलं जातं. पहिल्यात साखर नाही, दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन, आणि प्रत्येकात वेगळा रंग. ऐकायला बरोबर वाटतं. आता हिशोब करू. चहाचा चमचा सपाट भरला की त्यात 4 ते 5 ग्रॅम साखर मावते. ग्लासात 200 मिली पाणी असेल तर एका चमच्याने त्या पाण्याची घनता (एका मिलीचं ग्रॅममधलं वजन) 1.00 वरून जेमतेम 1.01 पर्यंतही जात नाही. म्हणजे शेजारच्या दोन थरांतला फरक एक टक्क्याहून कमी. एवढ्या फरकावर हाताने ओतलेले थर टिकणं जवळजवळ अशक्य आहे, कारण ओतताना धारेला जो वेग मिळतो तोच दोन्ही द्रव ढवळून टाकतो.

उपाय सोपा आहे. पाणी कमी करा, साखर वाढवा आणि चमच्याऐवजी वजन वापरा. प्रत्येक वाटीत 50 मिली पाणी घ्या:

पहिली वाटी: साखर नाही, घनता 1.00
दुसरी वाटी: 10 ग्रॅम साखर, घनता सुमारे 1.07
तिसरी वाटी: 20 ग्रॅम साखर, घनता सुमारे 1.12
चौथी वाटी: 30 ग्रॅम साखर, घनता सुमारे 1.16

चारही मिळून फक्त 60 ग्रॅम साखर लागते. वजनकाटा नसेल तर 10 ग्रॅमसाठी चहाचे दोन सपाट चमचे धरा. बोटाने किंवा सुरीच्या पात्याने वरची रास सपाट करायला विसरू नका; शिगोशिग चमच्यात जवळपास दुप्पट साखर येते आणि सगळं गणित बिघडतं.

या आकड्यांत मोठ्या मुलांना दाखवण्याजोगी एक गोष्ट आहे. साखर दर वेळी सारखीच, 10 ग्रॅमने वाढली, पण घनता सारखी वाढली नाही. आधी 0.07 ने, मग 0.05 ने, मग 0.04 ने. साखर विरघळली की दिसेनाशी होते, पण तिची जागा जात नाही. चौथ्या वाटीतलं द्रावण मोजून पाहा, ते 50 मिली नसून 68-69 मिली भरेल. वस्तुमान वाढतं तसं आकारमानही वाढतं, आणि घनता म्हणजे या दोघांचा भागाकार. पाठ्यपुस्तकातलं सूत्र इथे वाटीत दिसतं.

साखर नेहमीची, दाणेदार घ्या. पाकीटबंद पिठीसाखरेत अनेकदा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे पाणी दुधाळ होतं. खडीसाखर विरघळायला फार वेळ लागतो आणि तळाशी खडे राहिले की तुम्हाला वाटते त्यापेक्षा घनता कमी असते. 50 मिली पाण्यात 30 ग्रॅम साखर गरम न करताही विरघळते, फक्त तीन-चार मिनिटं नेटाने ढवळावं लागतं. घाईत पाणी गरम केलंत तर ते पूर्ण निवल्याशिवाय थर रचू नका. गरम द्रावण तळाशी गेलं की ते वरच्या थराला खालून ऊब देतं, त्या थरात पाणी वर-खाली फिरू लागतं आणि सीमारेषा धुऊन जाते. चारही वाट्या अर्धा तास शेजारी शेजारी ठेवून सारख्या तापमानाला येऊ द्या.

ओतायची पद्धत उलटी करा

सर्वत्र सांगितली जाणारी पद्धत अशी: सगळ्यांत जास्त साखरेचं द्रावण आधी, मग पेल्याच्या कडेला चमच्याची पाठ टेकवून त्यावरून पुढचं. चालते. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून चमचा हलतो, धार थेट मध्ये पडते आणि खेळ संपतो.

त्यापेक्षा खालून भरा. औषधांच्या दुकानातून 10 मिलीची नवी सिरिंज आणा, सुई काढून दुकानातच टाकून द्या. तिच्या टोकाला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब थोडी ताणून बसवा. 15 सेंटीमीटर पुरते. (काड्यापेटीच्या काड्या आणि हीच ट्यूब घेऊन विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मुलांसाठी भूमितीचे आकार बनवले. स्वस्त, लवचीक आणि कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळणारी ही वस्तू विज्ञानाच्या पेटीत असावीच.)

1. उंच, अरुंद पेला घ्या. आतला व्यास 4 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर 20 मिलीचा थर दीड सेंटीमीटर जाड दिसतो. पसरट ग्लासात तेवढ्याच द्रवाचा पापुद्रा होतो आणि थर आहेत की नाहीत तेच कळत नाही.
2. साधं पाणी 20 मिली आधी टाका. हा सर्वांत हलका थर, तो शेवटी वर राहणार.
3. सिरिंजमध्ये 10 ग्रॅम साखरेचं द्रावण भरा. सिरिंज उभी धरून आतली हवा आणि ट्यूबमधली हवा, दोन्ही बाहेर ढकला. ट्यूबच्या टोकाशी द्रावणाचा थेंब दिसला पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. हवेचा एक बुडबुडा तळातून वर गेला की तो वाटेतले सगळे थर ओढत नेतो.
4. ट्यूबचं टोक पेल्याच्या तळाला, कडेशी टेकवा. दट्ट्या इतका हळू दाबा की 10 मिलीला अर्धं मिनिट लागेल. साधं पाणी आपोआप वर उचललं जाताना दिसेल.
5. ट्यूब बोटांनी चिमटून मगच वर काढा, नाहीतर उरलेलं द्रावण वाटेत सांडत येतं.
6. सिरिंज आणि ट्यूब साध्या पाण्याने धुऊन, झटकून पुढचं द्रावण घ्या. क्रम 10, 20, 30 ग्रॅम.

प्रत्येक द्रावणाच्या दोन सिरिंज पुरतात. या पद्धतीत सीमारेषा चमच्याच्या पद्धतीपेक्षा कितीतरी ठळक येते, कारण नवा द्रव जड असल्यामुळे तळाशीच पसरतो, त्याला कशातूनही खाली पडावं लागत नाही. ट्यूब मिळाली नाही तर नुसती सिरिंज घ्या, पण मग जड ते हलकं असा क्रम ठेवून, टोक पृष्ठभागाच्या लगेच वर, काचेला टेकवून थेंबथेंब सोडा.

सकाळी छान होते, संध्याकाळी पुसट झाले

हे बिघडणं नव्हे. साखरेचं पाणी आणि साधं पाणी एकमेकांत पूर्ण मिसळणारे द्रव आहेत. साखरेचे रेणू हळूहळू वर पसरतात, रंगाचेही. पेला अजिबात न हलवता ठेवला तर एका दिवसात सीमा साधारण एक सेंटीमीटरभर पुसट होते, आणि दोन सेंटीमीटर व्हायला दोन नव्हे, चार दिवसांच्या आसपास लागतात. काचेवर बाहेरून मार्करने आजची सीमा आखून ठेवा, मुलं रोज येऊन पाहतील. निळ्यावर पिवळा थर असेल तर मधली हिरवी पट्टी रुंदावताना स्पष्ट दिसते, म्हणून हे दोन रंग शेजारी ठेवावेत. लाल आणि केशरी शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही.

काही तासांतच सगळं एकरंगी झालं असेल तर मात्र कारण वेगळं आहे: पेला खिडकीत उन्हात होता, फ्रिजच्या वर (जिथे कंप सतत असतो) होता, किंवा कुणीतरी तो उचलून दाखवला.

मध, साबण, दूध, पाणी, तेल: मधले थर का फसतात

वेगवेगळ्या द्रवांच्या मनोऱ्यात मध आणि तेल कधी त्रास देत नाहीत. मधाची घनता 1.4 च्या आसपास, पाणी 1.0, शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल 0.92 च्या आसपास. घोळ मध्ये होतो. भांडी घासायचं लिक्विड ब्रँडनुसार 1.02 ते 1.06 मध्ये कुठेही असू शकतं आणि दूध 1.03 असतं. म्हणजे ‘साबण, मग दूध’ हा क्रम एका घरी बरोबर ठरतो आणि दुसऱ्या घरी उलटा. सुट्ट्या मिळणाऱ्या लिक्विडमध्ये पाणीही जास्त असू शकतं. दूध आणि साबण हे दोन थर लागोपाठ घेऊच नका. त्यापेक्षा औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन घ्या. त्याची घनता 1.26, मध आणि पाणी यांच्या मधोमध, त्यामुळे दोन्हीकडे भरपूर जागा. मध, ग्लिसरीन, रंगीत पाणी, तेल हा चार थरांचा मनोरा भरवशाचा आहे. काकवी घरात असेल तर मधाऐवजी ती वापरा, दोन्ही एकत्र नको. दोघींची घनता फार जवळ असते.

द्रव कुठला आहे हे लेबलवरून ठरवण्यापेक्षा मोजून ठरवा. लहान तोंडाची 100 मिलीची औषधाची रिकामी बाटली धुऊन पूर्ण वाळवा. रिकामी तोला. मग काठोकाठ पाण्याने भरून तोला. पुन्हा वाळवून हव्या त्या द्रवाने काठोकाठ भरून तोला. दोन्हींतून रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा. द्रवाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागलं की सापेक्ष (पाण्याच्या तुलनेतली) घनता मिळाली. पेल्यावर खूण करून मोजू नका: 6 सेंटीमीटर व्यासाच्या पेल्यात पातळी एक मिलिमीटर चुकली तर जवळपास 3 मिलीचा फरक पडतो. बाटलीचं तोंड अरुंद, म्हणून चूक नगण्य. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर उत्तरात एक टक्का इकडे-तिकडे होणारच, हे मुलांना आधीच सांगा. शेजारच्या दोन द्रवांत 0.03 पेक्षा कमी फरक आला तर ते दोन थर लागोपाठ ठेवायचे नाहीत, हा आपला नियम.

साबणाचा थर घेतलाच असेल आणि मनोरा हलला, तर तेल आणि पाणी यांच्या मध्ये पांढरा, दुधाळ पट्टा येतो. साबणाचे रेणू तेलाचे बारीक थेंब वेढून पाण्यात धरून ठेवतात. याला दुरुस्ती नाही. रात्रभर ठेवून थोडं निवळेल, पण पहिल्यासारखं होणार नाही. पुन्हा सुरुवात करा. साबण नसताना तेल ओतल्यावर दिसणारा गढूळपणा मात्र नुसत्या बुडबुड्यांचा असतो, वीस मिनिटांत आपोआप जातो.

थंडीत खोबरेल तेल वापरू नका. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि पुण्यात डिसेंबरच्या सकाळी थराऐवजी वर पांढरी वडी तरंगताना दिसेल.

सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा थर तेलावर ठेवायला सांगणारे बरेच जण आहेत. लहान मुलांबरोबर तो टाळावा हे आमचं ठाम मत. स्पिरिट पेट घेतं, आणि आपल्या घरांत जवळच गॅस किंवा देवापुढचा दिवा असतो. रॉकेलही नको.

रंग चढत नाही, किंवा भलताच चढतो

खाण्याचे रंग पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात टाकलेला थेंब गोळी होऊन खाली घसरतो, पाण्याच्या सीमेवर थोडा वेळ थांबतो आणि मग फुटून पाण्यात धुरासारखा उतरतो. हे मुद्दाम दाखवा, मुलं दहा वेळा करायला लावतील. तेलाला रंग हवाच असेल तर हळद. चिमूटभर हळद दोन चमचे तेलात कोमट करा, निवू द्या, वरचं पिवळं तेल निथळून घ्या. पण साबणाचं पाणी अल्कधर्मी असेल तर हळद त्यात लाल होते, तेव्हा हळदीचं तेल आणि साबणाचा थर एकत्र घेताना चकित होऊ नका. रंगपंचमीचे रंग वापरू नयेत; त्यात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं आणि ते बोटांवरून तोंडात जातात.

अंडं तरंगतच नाही

इथेही कारण प्रमाणाचंच. ताज्या अंड्याची घनता 1.08 ते 1.09. एका ग्लासात दोन चमचे मीठ टाकून भागत नाही. 250 मिली पाण्याला 40 ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचे साधारण सात सपाट चमचे. द्रावण 1.10 पर्यंत जातं आणि अंडं वर येतं. मीठ तळाशी बसलेलं असताना अंडं सोडू नका. बारीक मिठात ते सुटं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थांमुळे पाणी गढूळ दिसतं. पंधरा मिनिटांत निवळतं.

उलट साध्या पाण्यातच अंडं तरंगलं तर ते जुनं आहे. कवचातून पाणी उडून जातं, आतली हवेची पोकळी वाढते, आकारमान तेवढंच राहतं आणि घनता उतरते. प्रयोगाला दुसरं अंडं घ्या.

अंडं घरात आणत नसाल तर बटाट्याचा दोन सेंटीमीटरचा तुकडा घ्या, त्याचीही घनता याच टापूतली. निरीक्षण दहा मिनिटांत उरका, कारण मिठाच्या पाण्यात बटाट्यातलं पाणी बाहेर येऊन तो लवचीक होतो आणि घनताही बदलते.

अंडं ग्लासच्या मध्यावर अधांतरी ठेवायचं असेल तर एकच द्रावण ‘अगदी बरोबर’ करायच्या मागे लागू नका. ते जमत नाही. अर्ध्या ग्लासात 40 ग्रॅमवालं द्रावण, त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी, मग अंडं अलगद सोडा. साध्या पाण्यातून ते बुडतं आणि मिठाच्या पाण्यावर थांबतं.

कोकणातल्या मुलांना हा प्रयोग शेतावर दाखवता येतो. भाताचं बियाणं पेरणीआधी 3 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून, बुडवतात. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. तळाचं भरलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवतात. तेच घनतेचं तत्त्व, आणि त्यावर पुढचं पीक अवलंबून.

प्रयोग जमला, पण मूल म्हणतं ‘मध घट्ट आहे म्हणून खाली गेला’

या अडचणीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं, कारण थर सुंदर येऊनही मुलाच्या डोक्यात चुकीची गोष्ट पक्की होते. मराठीत आपण घट्ट, दाट, जड हे शब्द सैलपणे वापरतो, आणि ‘घनता’ हा शब्द ऐकायला ‘दाटपणा’सारखाच वाटतो. शब्दांनी समजावू नका, एरंडेल तेल आणा. ते पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं, चमच्यावरून संथ ओघळतं, पण घनता 0.96. पाण्यात ओतलं की तरंगतं. ओतायच्या आधी मुलाला अंदाज सांगायला लावा आणि तो लिहून ठेवा. अंदाज चुकलेला डोळ्यांसमोर दिसला की मूल स्वतःच प्रश्न विचारू लागतं.

दुसरा गैरसमज: ‘जे जास्त असतं ते खाली जातं’. वाटीभर तेलात पाण्याचा एकच थेंब ड्रॉपरने सोडा. थेंब बुडतो. ग्लासभर पाण्यात तेलाचा एक थेंब सोडा. तरंगतो. यानंतर ‘तेल हलकं की पाणी?’ असं विचारण्याऐवजी ‘एकच वाटी आधी तेलाने आणि मग पाण्याने भरली तर कुठली वजनाला जास्त भरेल?’ असं विचारा. ‘एकच वाटी’ हे दोन शब्द गाळले की प्रश्न वजनाचा होतो, घनतेचा राहत नाही.

तिसरा प्रश्न मोठ्या माणसांकडून येतो: मध पाण्यात तळाशी गेला म्हणजे तो शुद्ध का? नाही. साखरेचा दाट पाकही तसाच तळाशी जातो. मुलांसमोर दोन्ही शेजारी शेजारी करून दाखवा.

आवरताना

तेलाचा थर सिरिंजने वरून ओढून बाटलीत जमा करा, मोरीत ओतू नका. नळीत थिजून बसतं. उरलेलं पाणी आणि ग्लिसरीन मोरीत चालतं. तळाचा मध कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवला की पेला घासावा लागत नाही. सिरिंजचा दट्ट्या तेल लागल्यावर अडकू लागतो, म्हणून तेलाची सिरिंज वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करने तसं लिहा.